‘पोरांना कामाची गोडीच राहिली नाही’

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) :

संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत दुचाकीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका व्हेंडर कंपनीत हे वाचक सुपरवायझर आहेत. वय 36. आयटीआय करून ऑपरेटर म्हणून लागले, 11 वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी बढती मिळाली. हाताखाली चाळीसेक पोरं, त्यातली बरीचशी ठेकेदाराची. पोरं न सांगता दांड्या मारतात, संधी मिळाली की मोबाइलमध्ये डोकं घालतात, ठरवून कमी माल काढतात, रिजेक्शन वाढलंय, आणि शिकवून तयार केलेला पोरगा चार महिन्यांत दुसऱ्या कंपनीच्या गेटवर दिसतो. मध्यंतरी एचआरने समाधानाचा फॉर्म भरून घेतला. त्यात जवळपास सगळ्यांनी ‘समाधानी’वर खूण केली. त्यावरून वरिष्ठांनी निष्कर्ष काढला की कंपनीत सगळं ठीक आहे, पोरांचा ॲटिट्यूड तेवढा खराब आहे. तो कसा सुधारणार यावर या वाचकांनी पुढच्या पंधरवड्यात प्रेझेंटेशन द्यायचं आहे. जुने सोबती आता कँटीनमध्ये त्यांच्या टेबलावर बसत नाहीत. स्टाफमध्ये गेल्यामुळे ओटी (ओव्हरटाइम) बंद झाला. काही महिन्यांत हातात पूर्वीपेक्षा कमी पडतात. झोप लागत नाही. अंबड तालुक्यात वडिलांची चार एकर जमीन आहे, नोकरी सोडून तिकडं जावं असं मनात येतं. पत्नीचा विरोध आहे. ते लिहितात : ‘पोरांना कामाची गोडीच राहिली नाही. खरं सांगायचं तर मलाबी राहिली नाही. खोट त्यांच्यात आहे का माझ्यात?’

भाऊ,

एका पाकिटात तुम्ही दोन पत्रं घातली आहेत. एक लांबलचक, पोरांच्या तक्रारींचं. दुसरं शेवटच्या चार ओळींचं, तुमचं स्वतःचं. दुसरं लिहायला जड गेलं म्हणून पहिलं एवढं लांबलं असावं, असा माझा अंदाज आहे. तरी सुरुवात पहिल्यापासूनच करू, कारण प्रेझेंटेशनची तारीख डोक्यावर आहे.

‘खोट त्यांच्यात का माझ्यात’ असं विचारता तेव्हा खोट कुठल्या ना कुठल्या माणसातच असणार, हे तुम्ही धरूनच चालला आहात. लाइनवर तुम्ही असं करत नाही. लॉट रिजेक्ट झाला की व्हाय-व्हाय काढता. बोअर मोठा का निघाला? टूल झिजलं होतं. बदललं का नाही? स्टोअरला स्टॉक नव्हता. का नव्हता? पाच वेळा ‘का’ विचारल्याशिवाय त्या कागदावर सही होत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र पहिल्याच ‘का’ला गाडी थांबते : ॲटिट्यूड. या उत्तराची सोय अशी की ते दिलं की प्लॅनिंगला, स्टोअरला, ठेकेदाराला, कुणालाच काही विचारावं लागत नाही.

बैलानं जू टाकलं तर जाणता शेतकरी आधी त्याचा खांदा चाचपतो, सूज आलीय का बघतो. पराणीला हात नंतर. माणसाला बैलाची उपमा देऊ नये म्हणतात, पण अंबडकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पीडीसीएचं (प्लॅन-डू-चेक-ॲक्ट : ठरवा, करा, तपासा, सुधारा) चक्र तुमच्या शॉपच्या भिंतीवर कुठं तरी लावलेलं असणारच. ते ज्यांच्या नावानं ओळखलं जातं ते डेमिंग 1950 साली जपानी कारखानदारांना गुणवत्तेचे धडे द्यायला गेले होते. त्यांचा एक खेळ प्रसिद्ध आहे. डब्यात पांढरे आणि लाल मणी, पाचातला एक लाल. सभेतल्याच काही जणांना ‘कामगार’ करायचं आणि पन्नास खळ्यांची एक फळी मण्यांत बुडवून वर काढायला सांगायचं. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे रिजेक्शन. डेमिंग स्वतः साहेबाच्या थाटात उभे राहायचे. कमी लाल आले त्याला शाबासकी, जास्त आले त्याला ताकीद. पुढच्या फेरीत शाबासकीवाल्याचे लाल वाढायचे नि ताकीदवाल्याचे घटायचे, आणि साहेब त्याचंही कारण त्या माणसाच्या वागण्यात शोधायचा. लोक हसायचे. लाल मणी डब्यातच होते. फळी धरणाऱ्याच्या वृत्तीशी त्यांचा काही संबंध नव्हता.

तुम्ही लिहिलंय, ‘सेकंड शिफ्टची पोरं निष्काळजी आहेत, बोर्डावर दिसतंच.’ बोर्डावर रिजेक्शन दिसतं भाऊ, निष्काळजीपणा दिसत नाही. सेकंड शिफ्टला मेन्टेनन्सचा माणूस किती वाजेपर्यंत असतो? नवी पोरं जास्त करून कुठल्या शिफ्टला टाकली जातात? तपासणीच्या टेबलावर उजेड पुरतो का? सहा महिन्यांचे आकडे एकदा मशीनप्रमाणे, एकदा मालाच्या लॉटप्रमाणे आणि एकदा नव्या-जुन्या पोरांप्रमाणे मांडून बघा. त्यातून दोन पोरं खरोखर निष्काळजी निघतीलही. माणसं कामचुकार नसतातच असं म्हणायला मी काही बसलेली नाही. निघाली तर त्या दोघांना बाजूला घेऊन बोला. चाळिसांवर शिक्का कशाला?

दांड्यांचंही तसंच करा. हजेरीचं रजिस्टर काढा आणि शेजारी आपलं भिंतीवरचं कॅलेंडर ठेवा. तुमची पोरं कुठली आहेत? पैठण, गंगापूर, भोकरदन, अंबड, गेवराई, काही लातूर-धाराशिवकडची. जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला की पेरणी. पोळा. मग सोयाबीनची काढणी, तिच्या पाठोपाठ कापसाची वेचणी, तेव्हा तर मजूर मिळत नाही म्हणून घरून फोनवर फोन. आषाढीला तुमच्या कंपनीपासून हाकेच्या अंतरावर, छोट्या पंढरपुरात, रस्ता माणसांनी फुलून जातो. मार्गशीर्षातल्या येळवसेला लातूर-धाराशिवकडचं पोरगं थांबवून दाखवणारा साहेब मला अजून बघायचाय. त्या दिवशी तिकडची अख्खी शहरं शेतात जेवायला गेलेली असतात. आणि 2025 च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं शेतं वाहून गेली तेव्हा किती जणांना तुम्ही ‘न सांगता गैरहजर’ लिहिलं? यातल्या निम्म्याहून जास्त तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच सांगता येतात. मग त्या रजा आधी लिहून घ्यायला काय हरकत आहे? कोण पेरणीला जाणार, कोण काढणीला, कोण फक्त दिवाळीला, असा कागद पोरांसमोर ठेवा आणि आपसांत मिटवायला सांगा. एका गावची दोघं एकाच आठवड्यात जाणार नाहीत, हे ती पोरं तुमच्यापेक्षा चांगलं जमवतील. सांगून घेतलेल्या रजेवर कुरकुर करायची नाही, एवढं तुमच्याकडून पाळा. पोरगा न सांगता जातो, कारण सांगितलं तर ‘नाही’ म्हणाल हे त्याला माहीत असतं.

आता ठरवून कमी काढण्याचं. हे वाळूजमध्ये निघालेलं नाही. अमेरिकेत शिकागोजवळ टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या हॉथॉर्न नावाच्या मोठ्या कारखान्यात 1924 पासून काही वर्षं कामगारांवर बरेच प्रयोग झाले. शेवटी शेवटी, 1931-32 मध्ये, 14 कामगारांच्या एका खोलीत निरीक्षक नुसता बघत बसला. मजुरी गटाच्या उत्पादनावर होती, म्हणजे जास्त काढलं तर सगळ्यांचाच फायदा. तरी त्या गड्यांनी दिवसाचा एक आकडा मनाशी ठरवलेला होता. त्याच्या पुढं जाणाऱ्याची टिंगल व्हायची, दंडावर बुक्की बसायची. फार मागं राहणाऱ्यालाही बोलणी खावी लागायची. साहेबाला बारीकसारीक सांगणारा तर सगळ्यांत वाईट. धाक असा होता की आकडा वाढवला तर उद्या दर उतरवतील, नाही तर माणसं कमी करतील. ते खरंच झालं असतं का, ही वेगळी गोष्ट. पण भीतीला आधार लागतो तो आठवणीचा. तुमच्याच लाइनवर मागं कधी पोरांनी जोर लावून जास्त माल काढला होता का? त्याच्या पुढच्या महिन्यात टार्गेटचं काय झालं? तुम्ही तेव्हा ऑपरेटर होता. तुम्हाला आठवत असणार.

चार महिन्यांत दुसऱ्या गेटवर जाणाऱ्या पोराबद्दल तुम्ही ‘निष्ठा नाही’ असा शब्द वापरलाय. तो मला खटकला. ठेकेदाराच्या पोराला 240 दिवस भरायच्या आत ब्रेक द्यायची पद्धत औद्योगिक वसाहतीत कुणाला नवी नाही. 240 दिवस भरले की कायद्यानं सलग नोकरीचे काही हक्क लागू होतात, म्हणून ही काळजी. ज्याला पहिल्याच दिवशी माहीत आहे की सातव्या महिन्यात आपल्याला गेटबाहेर काढणार, त्यानं रांजणगावच्या एका खोलीत चौघांत राहून, शेजारची कंपनी दोन हजार जास्त देत असताना, तुमच्या कंपनीवर निष्ठा ठेवायची? ती त्याच्याकडं मागायचा हक्क कंपनीनं आधी मिळवायला हवा. हे तुमच्या हातात नाही, मला ठाऊक आहे. म्हणून या पोरांना ‘चांगलं काम कर, पर्मनंट होशील’ असं खोटं आमिषही दाखवू नका. कदाचित तुम्हालाही कुणी दाखवलं असेल, आणि तुमच्या बाबतीत ते योगायोगानं खरं ठरलं असेल.

त्या फॉर्मकडं येऊ. तुम्हीच लिहिलंय की फॉर्मवर एम्प्लॉयी कोडचा रकाना होता आणि भरलेले कागद शिफ्ट इंचार्जनं गोळा केले. मग कोण वेडा ‘असमाधानी’वर खूण करणार? त्या आकड्यातून एवढंच कळतं की तुमची पोरं शहाणी आहेत. हॉथॉर्नमध्येच 20 हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती झाल्या होत्या. सुरुवातीला ठरलेले प्रश्न विचारले जात : कँटीन कसं आहे, मुकादम कसा आहे. माणसं एका वाक्यात उत्तर द्यायची आणि मग आपल्याच भलत्या विषयावर घसरायची. विचारणाऱ्यांच्या हळूहळू लक्षात आलं की तो भलता विषयच खरा विषय आहे. त्यांनी प्रश्न बाजूला ठेवले आणि ऐकायला लागले. मुलाखती लांबल्या. पगाराची तक्रार करणारा माणूस बोलता बोलता घरच्या आजारपणावर यायचा, धुराची तक्रार करणारा छातीच्या भीतीवर.

तुमच्या एचआरला पुन्हा फॉर्म काढायचा असेल तर नाव नको, कोड नको, गाव नको. पेटी ठेवा, कँटीनच्या दाराशी, कॅमेऱ्यापासून लांब. चार-पाच जणांचा एखादा सेक्शन असेल तर त्याचा निकाल वेगळा दाखवू नका, लगेच कळतं कोण ते. खुणांचे रकाने कमी करा, दोन मोकळे प्रश्न ठेवा. आणि आठ-दहा दिवसांत निकाल बोर्डावर लावा, त्यातली एक गोष्ट लगेच दुरुस्त करून. ते जमणार नसेल तर फॉर्म काढूच नका. विचारून विसरणं हे न विचारण्यापेक्षा वाईट; पुढच्या वेळी पोरं पेन उचलत नाहीत.

फॉर्मवर न थांबता तुम्ही स्वतः बोला. केबिनमध्ये नको, पाच जणांसमोर नको. सुट्टीच्या वेळी टपरीवर, एकेकाशी, चहाचे पैसे तुम्ही देऊन. ‘तुला काय त्रास आहे’ असं विचारू नका, तो ‘काही नाही सायेब’ म्हणेल. ‘मागच्या महिन्यात कुठल्या दिवशी काम करून बरं वाटलं?’ असं विचारा, आणि मग ‘कुठल्या दिवशी डोकं फिरलं?’ हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1950 च्या दशकात पिट्सबर्गच्या दोनशेक इंजिनियर आणि हिशेबनिसांना साधारण हेच विचारलं होतं. डोकं फिरल्याच्या गोष्टींत कंपनीचे नियम, वरिष्ठांचं वागणं, पगार, कामाची जागा हे पुन्हा पुन्हा आलं. बरं वाटल्याच्या गोष्टींत वेगळंच : एखादं अवघड काम तडीस नेलं, कुणी दखल घेतली, जबाबदारी मिळाली. त्यावरून त्यानं मांडलं की नाराजी आणि समाधान हे दोन वेगळे हिशेब आहेत. कँटीनची डाळ घट्ट केली तर शिव्या थांबतील, पण डाळ घट्ट झाली म्हणून कुणाला कामाची गोडी लागणार नाही. या मांडणीवर नंतर टीकाही बरीच झाली. चांगलं झालं की माणूस श्रेय स्वतःला घेतो नि वाईट झालं की दोष कंपनीला देतो, मग उत्तरं अशी येणारच, असं टीकाकार म्हणाले. तेही खोटं नाही. आणि महिन्याच्या वीस तारखेला ज्याच्या खिशात काही उरत नाही त्याला ‘पगारानं समाधान मिळत नाही’ हे सांगायला जाऊ नये, तो हाणेल. तरी तुमच्यासारख्या मधल्या माणसाला हे दोन हिशेब वेगळे ठेवण्याचा फायदा आहे, कारण पहिल्यातलं फार थोडं तुमच्या हातात आहे आणि दुसऱ्यातलं बरंच.

म्हणजे काय? पोरानं काढलेला पार्ट पुढं कुठं बसतो हे तुमच्या चाळीसपैकी किती जणांना माहीत आहे? कस्टमरकडून तक्रार आली की पोरांना ओरडा मिळतो. तक्रार न आलेला महिना गेला हे त्यांना कुणी सांगतं का? एकाच मशीनवर महिनोन्महिने उभा असलेला पोरगा शेजारचं मशीन शिकायला मागतो तेव्हा ‘आधी हे नीट कर’ म्हणून त्याला परत पाठवता का? सजेशन बॉक्समध्ये टाकलेल्या चिठ्ठीचं पुढं काय झालं, हे ‘होणार नाही, कारण अमुक’ इतकं तरी त्याला कळतं का? ओटी आहे हे शिफ्ट संपायच्या अर्धा तास आधी सांगता का आदल्या दिवशी? (कंपनीची बस चुकली की त्या पोराला बजाजनगरपर्यंत चालत जावं लागतं, हे तुम्ही स्वतः चाललेले आहात म्हणून माहीत आहे.) यातल्या एकाही गोष्टीला मंजुरीची फाइल लागत नाही.

सगळं एकदम करू नका. एक महिना फक्त एवढंच : ‘ॲटिट्यूड’ हा शब्द तोंडानं नि कागदावर बंद. त्याऐवजी वहीत लिहा : कोण, कधी, काय झालं, त्याच्या आधी काय झालं होतं. ‘अमक्याचा ॲटिट्यूड खराब’ याऐवजी ‘मंगळवारी तीन वाजता अमक्यानं मशीन सोडलं, दुपारपासून कूलंट गळत होतं, दोनदा सांगितलं होतं.’ महिन्याभरानं वही चाळा.

प्रेझेंटेशन याच वहीवर बांधा. वेळ पंधराच दिवसांचा आहे, तेवढ्यातही पुरेसं हाती लागेल. वरिष्ठांना पोरांची दुःखं सांगू नका, त्यांना ती ऐकू येणार नाहीत, खर्च सांगा. नवा पोरगा पूर्ण वेगानं काम करायला किती दिवस लागतात, त्या दिवसांत त्याच्या मशीनचं रिजेक्शन किती असतं, वर्षात अशी किती पोरं बदलली, या तिन्हींचे आकडे तुमच्याकडं आहेत. गुणाकार तुम्ही करा आणि फळ्यावर लिहा. शेजारी लिहा की यातली निम्मी पोरं आणखी सहा महिने टिकली तर किती वाचेल. मग मागा, आणि थोडंच मागा : रजेचा आधी ठरवलेला तक्ता, ओटीची आदल्या दिवशी सूचना, सेकंड शिफ्टला मेन्टेनन्सचा माणूस. चौथं मागायचं असेल तर ब्रेकच्या पद्धतीचा फेरविचार मागा. ते मिळणार नाही, पण खर्चाचा आकडा एकदा त्यांच्या कागदावर गेला की तो तिथंच राहतो. पोरांनी तुम्हाला टपरीवर सांगितलेलं नावानिशी वर जाता कामा नये, एकाचंही नाही. गेलं तर पुढं कुणी चहालाही येणार नाही.

आता तुमचं दुसरं पत्र.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या नोंदवली. तो आजार म्हणून नोंदवलेला नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न निवळलेल्या ताणातून येणारी अवस्था असं त्याचं स्वरूप सांगितलंय. खुणा तीन : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन कडवट किंवा कोरडं होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तुमच्या चार ओळींत तिन्ही आहेत. आणि मधली खूण पहिल्या लांब पत्रातही पानोपानी आहे. पोरांना तुम्ही ज्या विशेषणांनी हाक मारली आहे, त्यातली काही मी सारांशात घातली नाहीत. दोन वर्षांपूर्वी तुम्ही त्यांच्यातच होता. एवढा कडवटपणा पोरांमुळं आला असेल असं मला वाटत नाही.

बढती मिळाली म्हणजे काय झालं बघा. हाताला यश देणारं काम गेलं. संध्याकाळी ‘आज एवढे जॉब काढले’ असं सांगता येत नाही. ओटी गेला. जेवणाचं टेबल गेलं. मिळालं काय, तर वरचा दाब खाली पोचवायचं काम, तेही कुणी न शिकवता. चांगला ऑपरेटर आपोआप चांगला सुपरवायझर होतो हे कंपन्यांचं आवडतं गृहीतक आहे. माणसं सांभाळणं हे वेगळं कसब आहे. त्याचं प्रशिक्षण मागा, लेखी मागा. पगाराचंही बोला : बढतीनं उत्पन्न घटलं हे बढतीच्या आधीच्या नि नंतरच्या पगाराच्या स्लिपा जोडून दाखवता येतं, आणि तेवढं ऐकून घेतलं जातं. कँटीनच्या टेबलाबद्दल मात्र हट्ट नको. सुपरवायझर शेजारी बसला की पोरांना मोकळं बोलता येत नाही, त्यात राग नाही. जुन्या सोबत्यांना कंपनीच्या आवाराबाहेर भेटत जा.

झोपेचं अंगावर काढू नका. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. रात्री विचार फारच वाईट दिशेनं जायला लागले तर 14416 या ‘टेलिमानस’ क्रमांकावर कुठल्याही वेळी, मराठीत, फुकट बोलता येतं. सरकारी सेवा आहे.

चार एकरांबद्दल. तुमच्या पत्रात गाव आहे ते दिवाळीतलं : शेतात ओल, घरात माणसं, वडील ओट्यावर. दिवाळीत गाव कुणाला गोड लागत नाही? तुम्ही मे महिन्यात दहा दिवस रजा काढून जा. विहिरीत पाणी किती आहे ते बघा, टँकर कितव्या दिवशी येतो ते बघा, बियाणं-खताच्या दुकानात वडिलांची उधारी किती आहे ते विचारा. गेल्या तीन हंगामांचा खर्च आणि आलेले पैसे वडिलांसोबत बसून लिहून काढा. त्यानंतरही जावंसं वाटलं तर तो निर्णय शेतीसाठीचा असेल. आत्ताचा सुपरवायझरकीपासून पळायचा आहे, आणि त्यासाठी गाव कशाला, कंपनी बदलली तरी चालते किंवा कंपनीतच क्वालिटीच्या विभागात बदली मागता येते. तुमचं पत्र वाचून मला वाटतं, तुमचं मन माणसं हाकण्यापेक्षा माल तपासण्यात जास्त रमेल. ही वाट तुम्ही पत्रात विचारातच घेतलेली नाही.

पत्नीचा ‘विरोध’ असा शब्द तुम्ही वापरलाय. त्यांचं नेमकं म्हणणं काय आहे ते लिहिलेलं नाही. खोलीचं भाडं, पोराची शाळा, सासूसासऱ्यांसोबत राहणं, यातलं काय? कदाचित तुम्ही विचारलेलंच नसेल. नोकरी सोडायची का, हा प्रश्न त्यांच्यापुढं ‘हो की नाही’ असा ठेवू नका. नोकरी गेली तर घर किती महिने चालेल, हा हिशेब दोघांनी मिळून करा. बाईमाणसाला आकडे दाखवले की ती घाबरते हा गैरसमज आहे. घाबरवतं ते न सांगणं.

आणि नोकरी सोडलीच तर काय बुडेल, याची तुम्हाला वाटते तेवढी भीती नको. पाच वर्षांपुढं सलग नोकरी झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क पक्का होतो. राजीनामा दिला म्हणून तो जात नाही. हिशेब साधारण असा : शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. रक्कम देय झाल्यापासून 30 दिवसांत द्यायची असते. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत 10 वर्षांची नोकरी भरली की वयाच्या 58 व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क राहतो. तुमची 11 वर्षं सगळी पीएफवर आहेत का, की सुरुवातीचा काही काळ ट्रेनी म्हणून धरला गेलाय, हे आधी तपासा, कारण 10 चा आकडा त्यावर ठरेल. नव्या नोकरीत गेलात तर पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा.

हे सदर वाचणाऱ्यांत ठेकेदाराकडची पोरंही असणार, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. पगाराची स्लिप मागा, दर महिन्याला, आणि जपून ठेवा. ओटीचा दर नेहमीच्या दराच्या दुप्पट, हा कायदा आहे. महिन्याची मजुरी 21 हजारांपर्यंत असेल तर ईएसआयसी (कामगार राज्य विमा) लागू असते. त्यात ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असली तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के मजुरी मिळते, म्हणजे ताप अंगावर काढून मशीनवर उभं राहायची गरज नाही. स्लिपमध्ये पीएफ कापलेला दिसतो तो खात्यात जमा होतोय का, ते उमंग ॲपवर पासबुक उघडून दोन-तीन महिन्यांतून एकदा बघा. ब्रेकनंतर नवा ठेकेदार नवा यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) काढायला लागला तर जुनाच क्रमांक द्या, नाही तर तुमची वर्षं तुकड्या-तुकड्यांत विखुरतात. पैसे जमा दिसत नसतील तर आधी ठेकेदाराला लेखी विचारा, नंतर ज्या कंपनीत काम करता तिच्या एचआरला. ठेकेदारानं भरले नाहीत तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते. तरीही हललं नाही तर स्लिपांच्या झेरॉक्स जोडून भविष्य निधीच्या संभाजीनगरच्या क्षेत्रीय कार्यालयात तक्रार द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.